जिथे कळत नाही, तिथेच दुखतं

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: पायाला काही कळतच नाही, तर मग पाय दुखतो कसा? शेजाऱ्यांनी विचारला, इयादतीला आलेल्या पाहुण्यांनी विचारला, एक-दोन डॉक्टरांनीही वेगळ्या शब्दांत विचारला. पण खरं सांगायचं तर सगळ्यांच्या आधी तो आम्हीच विचारला होता. आम्ही म्हणजे घरातली माणसं: अम्मी, दोन मुलं आणि मुलांची आई. ज्यांना विचारला त्या मुलांच्या अब्बांकडे उत्तर नव्हतं. उत्तर नाही म्हटल्यावर ते हळूहळू बोलायचेच बंद झाले. ती न बोलण्याची वर्षं आणि त्यानंतरची वर्षं, एवढंच इथे लिहायचं आहे. लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी "असं नव्हतं" म्हणाले, तिथे बदल केला.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. अब्बा दरवर्षी हापूसच्या दोन-तीन बागा कराराने घ्यायचे. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरून वाशीच्या मार्केटला पाठवणं, सगळं हौसेने करायचे. २०१५ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते स्वतःच एका जुन्या झाडावर चढले, कारण त्या दिवशी गडी आला नव्हता. झेला शेंड्यापर्यंत पोहोचेना म्हणून पुढच्या फांदीवर पाय टाकला. फांदी आतून पोखरलेली होती. खाली जांभ्याचा गडगा, त्यावर पाठीने पडले. उंचीही फार नव्हती.

बागेत चौघे जण होते. कुणीही केलं असतं तेच त्यांनी केलं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, आणि उचलून टेम्पोत ठेवलं. त्या चौघांना आम्ही कधी बोल लावला नाही, पुढेही लावणार नाही. त्यांनी घाई केली ती जीव वाचावा म्हणूनच. पण ज्यांच्या घरी आंब्या-नारळाचं काम चालतं, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. उंचावरून पाठीवर किंवा मानेवर पडलेल्या माणसाला असं दुमडून उचलू नये. हलवू नये, बसवू नये, पाणी पाजायला मान उचलू नये. १०८ ला फोन करावा. गाडी येणारच नसेल, तर फळी किंवा घराचं दार काढून आणावं आणि चार-पाच जणांनी मिळून मान-पाठ एका रेषेत ठेवून त्याला त्यावर घ्यावं. मोडलेल्या मणक्याने आतल्या मज्जारज्जूला आधीच इजा केलेली असते. उचलताना पाठ वाकली तर ती वाढू शकते.

बारावा मणका चेचला होता. मुंबईत ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या आणि स्क्रू बसले. घरी सोडताना आम्हाला पुष्कळ शिकवलं. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढायची, हात साबणाने धुऊन. खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. सगळं वहीत लिहून घेतलं. दुखण्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आमचा हिशेब साधा होता. पायांना कळत नाही, ही मुसीबत. पण निदान दुखणार तरी नाही.

त्या वर्षी रमजान पावसाळ्यात आला. शेवटच्या दहा रात्री चालू होत्या, पाऊस कोसळत होता, आम्ही घरात तरावीह पढून नुकतेच उठलो होतो. आतल्या खोलीतून हाक आली, "पाय कुणी चुलीपाशी ठेवलेत?" आम्ही धावत गेलो. पाय पलंगावर होते, थंडगार. हात लावून दाखवला, चादर बाजूला करून दाखवली. ते पायांकडे बघत होते, आणि पाय जळतायत म्हणून सांगत होते. घोट्यापर्यंत आग, आणि मधूनच टाचेपासून वर विजेसारखी सणक. सेहरीपर्यंत कुणी झोपलं नाही. अम्मींनी पाणी दम करून पाजलं. सकाळी थोडं कमी झालं, आणि आम्ही समजलो की वाईट स्वप्न पडलं असेल. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

मग सुरू झालं ते इलाजांचं सत्र. तेल झालं, लेप झाला, कलौंजी झाली. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं आत सळी हलली. मेडिकलमधून डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या आणल्या, त्या वर्षानुवर्षं पोटात गेल्या आणि पोट बिघडवून बसल्या. एक शेजारी चाचा फार प्रेमाचे, रोज येऊन बसायचे. त्यांनी एकदा गंमत म्हणून अंगठ्याला टाचणी टोचली. अब्बांना कळलं नाही. चाचा आमच्याकडे बघून हसले, म्हणाले, "बघा, पायात जीव नाही आणि म्हणतो दुखतंय." अब्बाही हसले. त्या हसण्याकडे आम्ही तेव्हा नीट बघितलं नाही.

पुढच्या थंडीतली गोष्ट आहे, ती लिहायची की नाही यावर घरात बोलणं झालं. अम्मी म्हणाल्या, लिहा. एका रात्री आग फार होती, म्हणून अम्मींनी तव्यावर वाळू गरम केली, फडक्यात बांधली आणि तळपायांना शेक दिला. आमच्या घरात बाळंतिणीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तोच शेक. विचारलं, "लागतंय का?" ते म्हणाले, "काही कळत नाही." म्हणून अम्मींनी पुरचुंडी आणखी गरम केली. सकाळी डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड होता. तो फुटला, चिघळला, आणि भरून यायला चार महिने लागले. अम्मींनी कितीतरी दिवस तवा वापरला नाही, भाकऱ्या मुलांच्या आईने भाजल्या. ज्या टाचेला खरी आग कळली नव्हती, ती टाच त्या रात्रीही नसलेल्या आगीत जळत होती. एवढं डोळ्यांसमोर झालं, तरी आमच्या लक्षात आलं नाही की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे त्याला कधीही शेक देऊ नये, गरम पाण्याची पिशवी देऊ नये, आंघोळीचं पाणी आपल्या कोपराने तपासल्याशिवाय ओतू नये. हे वहीत होतं. आम्ही वही वाचली नाही.)

त्याच सुमाराला लोकांचं समजावणं वाढलं. येईल तो म्हणे, सब्र करा, अज्र मोठा आहे. हजरत अय्यूब (अ.) यांचं उदाहरण देत. माणसं चांगल्या मनानेच सांगत होती, आणि आमचाही त्या बोलण्यावर ईमान आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानात ते वेगळं उतरत होतं. कण्हलं म्हणजे सब्र मोडला, सब्र मोडला म्हणजे अज्र गेला. पाय तर गेलेच होते, आता हेही जाऊ द्यायचं का? म्हणून त्यांनी कण्हणं सोडलं. आम्ही आपसात म्हणालो, अल्हम्दुलिल्लाह, आता बरं वाटतंय त्यांना.

बरं वाटत नव्हतं. स्वभाव बदलला होता. दार आपटलं की ओरडायचे. मोठी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, अब्बांची लाडकी. शाळेतून आली की धावत येऊन त्यांच्या मांडीजवळ बसायची. एकदा अशीच बसली, आणि ते तिच्यावर असे ओरडले की ती भिंतीला जाऊन टेकली. का ओरडले हे त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर ती खोलीत येईनाशी झाली. दारातूनच विचारायची, "अब्बा, चहा?" आणि कप आईच्या हाती द्यायची. आम्ही तिला समजावलं की अब्बा चिडके झालेत, आजारी माणूस चिडतोच. तीन वर्षं घरात आम्ही हेच म्हणत राहिलो. याच काळात एकदा ते म्हणाले होते, गडगा जरा आणखी उंच असता तर सगळेच सुटलो असतो. त्यावर कुणी काही बोललं नाही. फक्त गोळ्यांचा डबा अम्मींनी उचलून आपल्या उशाशी नेला.

२०१८ मध्ये पाठीच्या जखमेच्या निमित्ताने मुंबईला जाणं झालं, तेव्हा एका नातेवाइकाने हाजी अलीजवळच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये नेलं. ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून अशाच रुग्णांसाठी आहे. तिथल्या डॉक्टरबाईंनी जखम पाहिली, खुर्चीची गादी पाहिली, आणि मग विचारलं, "रात्री कितीदा जागे होता?" अब्बांनी नेहमीप्रमाणे "ठीक आहे" म्हटलं. मग त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही त्याच खोलीत झोपणारी माणसं, आणि आम्हाला माहीत नव्हतं. बाईंनी पुन्हा त्यांना विचारलं, "दुखतं म्हणजे कसं? जळतं, टोचतं, चावतं, की करंट लागतो?" अब्बांनी मान खाली घातली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी "दुखतं का" असं न विचारता "कसं दुखतं" असं विचारलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा अर्धा तास ते बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो.

बाईंनी सांगितलं ते आम्हाला जसं समजलं तसं सांगतो. मज्जारज्जू म्हणजे पाय आणि मेंदू यांच्यामधली तार. ती तुटली की पायांचे खरे निरोप वर पोहोचत नाहीत. म्हणून टाचणी कळत नाही, वाळू कळत नाही. पण तुटलेल्या जागेच्या आसपासच्या नसा आणि वरचा मेंदू गप्प बसत नाहीत. निरोप येणं थांबल्यावर त्या जास्तच हळव्या होतात, आपल्याआपणच निरोप तयार करतात, आणि मेंदूच्या हिशेबी ते पायांकडूनच आलेले असतात. म्हणजे दुखतो तो पाय नाही, पण दुखणं शंभर टक्के खरं आहे. नसांचं दुखणं म्हणतात ते हेच. मज्जारज्जूला इजा झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना ते होतं. बहुतेकांना पहिल्या वर्षातच सुरू होतं, आणि साध्या वेदनाशामक गोळ्यांना ते फारशी दाद देत नाही. मोठीवर ओरडण्याचं कारणही तिथेच कळलं. मांड्यांच्या वरच्या भागात, जिथे संवेदना असलेला आणि नसलेला भाग एकमेकांना भेटतात, तिथे एक पट्टा असा आहे की हलका स्पर्शही तिथे सुरी फिरवल्यासारखा लागतो. चादर लागते. पोरीची ओढणी लागली होती.

येताना गाडीत कुणी बोलेना. पनवेल गेल्यावर अब्बाच म्हणाले, "चला, मी खोटा नाही एवढं तर ठरलं."

गोळ्या बदलल्या. गाबापेंटीन, नंतर प्रीगाबालिन, आणि रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी. ही शेवटची खरं तर उदासीवरची गोळी, पण कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावरही चालते. डॉक्टरबाईंना गडग्याचं वाक्य सांगितलं, तेव्हा त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, असं दुखणं आणि अशी उदासी बहुतेक वेळा हात धरून येतात, दोन्हींवर इलाज करायचा असतो. आणि असं बोलणं पुन्हा कानावर आलं तर गप्प राहू नका, लगेच सांगा. गोळ्यांचे त्रासही झाले. पहिले पंधरा दिवस दिवसभर झोप, तोंड कोरडं, पाय सुजले, वजन वाढलं. एकदा खुर्चीत बसल्याबसल्या डुलकी लागून खाली घसरले. मात्रा हळूहळू वाढवायची असते, हे धीराचं काम आहे. बाईंनी आधीच बजावलं होतं की हे जाणार नाही. दहाचं सात झालं, तर औषध लागू पडलं समजा. आमचं दहाचं सहा झालं. लोकांना हे सांगितलं की वाटतं, एवढ्या महाग गोळ्या आणि फक्त चार कमी? पण त्या चारमध्ये तीन तास सलग झोप बसते.

शब्दांची गोष्ट मात्र घरी आल्यावर पुढे गेली. बाईंनी बोलता बोलता सांगितलं होतं की कॅनडातले एक मानसशास्त्रज्ञ, रोनाल्ड मेलझॅक, यांनी रुग्ण दुखणं सांगताना वापरतात ते शब्द गोळा केले, ७८ शब्दांचे २० गट पाडले, आणि १९७५ मध्ये त्याची प्रश्नावली छापली. ती आजही जगभर वापरतात. अम्मींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, अठ्ठ्याहत्तरच? आमच्याकडे कमी आहेत का! त्या रात्री त्या पलंगाशेजारी मोढ्यावर बसल्या आणि लेकाला स्वयंपाकघरातल्या भाषेत विचारायला लागल्या. जळतं म्हणजे तव्याचा चटका की निखाऱ्याची धग? की मिरची वाटल्यावर हाताची होते तशी आग? मुंग्या लाल की काळ्या? ठणका की कळ? टोचतं ते काट्यासारखं की माशाच्या हाडासारखं? अब्बा नीट विचार करून उत्तरं देत होते. "मिरची. पण आतून." "काळ्या मुंग्या संध्याकाळी, लाल पहाटे." धाकट्याने ते सगळं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. तो कागद पुढच्या खेपेला बाईंना दाखवला. त्यांनी तो झेरॉक्स करून ठेवून घेतला.

मग एका जुम्म्याला आमच्या मशिदीचे इमामसाहेब आले, तेव्हा अब्बांनी त्यांना थेट विचारलं, दुखतंय असं म्हटलं तर सब्र जातो का? इमामसाहेब जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, तुम्हाला लोकांनी हजरत अय्यूब (अ.) यांची गोष्ट सांगितली, पण अर्धी सांगितली. सूरह अंबियामध्ये ते आपल्या रबला हाक मारतात, मला त्रासाने गाठलंय असं सांगतात. आणि त्याच अय्यूबना सूरह सादमध्ये अल्लाह सब्र करणारा म्हणून वाखाणतो. म्हणजे त्रास सांगितल्याने सब्र गेला नाही. "ते तर अल्लाहला सांगणं झालं," अब्बा म्हणाले, "माणसांना?" तेव्हा इमामसाहेबांनी बुखारी शरीफमधली रिवायत सांगितली. हजरत आयशा (र.अ.) यांचं डोकं दुखत होतं आणि त्या तसं बोलून दाखवत होत्या. नबी करीम (स.) यांनी त्यांना गप्प केलं नाही. उलट म्हणाले की माझंच डोकं दुखतंय, हाय तर मी म्हणायला हवं. दोघंही आपलं दुखणं एकमेकांना सांगत होते. अल्लाहच्या फैसल्यावर राग धरणं वेगळं, आणि घरच्या माणसाला दुखतंय म्हणणं वेगळं, असं इमामसाहेब म्हणाले. आम्ही पडद्याआड चहा गाळत होतो. चहा तिथेच राहिला.

त्यानंतरही चुका झाल्याच. २०१९ चा रमजान मे महिन्यात होता, ऐन उन्हाळ्यात. गोळ्या दोन वेळच्या, सेहरी आणि इफ्तारला बसतात, म्हणून अब्बांनी रोजे धरले. आम्हीही अडवलं नाही. दहाव्या-अकराव्या रोज्याला ताप भरला. पाणी कमी पडलं की नळीवर असलेल्या माणसाला लघवीचा संसर्ग लवकर होतो, आणि संसर्ग झाला की नसांचं दुखणं दुप्पट होतं. हेही तेव्हाच शिकलो. बद्धकोष्ठ, अंगठ्याचं आत वाढलेलं नख, पाठीवर सुरू होणारी जखम, यातलं काहीही पायाला कळत नाही, पण दुखणं वाढतं. म्हणून आता दुखणं अचानक वाढलं की आम्ही आधी नखं बघतो, पाठ बघतो, लघवीचा रंग बघतो. तेव्हापासून रोजे सुटले. सूरह बकरामध्ये जी सवलत आहे तिच्याप्रमाणे दर रोज्यामागे एका गरजूचं जेवण, असा फिदिया देतो. पाय गेले तेव्हा ते रडले नव्हते. रोजे सुटले तेव्हा रडले. आता इफ्तारची फळं तेच कापतात, आणि त्यांनी कापलेलं पपईचं ताट आल्याशिवाय दस्तरखान मांडत नाही.

मग २०२० चा जून. लॉकडाऊन चालू होतं, आणि ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या पडवीची कौलं गेली, मागची पोफळी आडवी झाली, रस्त्यावर आंबे-फणस उन्मळून पडलेले. प्रीगाबालिनच्या गोळ्या चार दिवसांच्या उरल्या होत्या. दापोलीला जायचा रस्ता बंद, मोबाइल बंद, वीज तीन आठवडे नव्हती. पाचव्या दिवशी गोळ्या संपल्या. अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, हे ऐकलं होतं; का, ते त्या दोन दिवसांत कळलं. घाम, थरथर, झोप पूर्ण गेली, आणि दुखणं पहिल्या रमजानसारखं. यावेळी मात्र ते गप्प नव्हते. रात्रभर हाय हाय करत होते आणि आम्ही पाळीपाळीने उशाशी बसून होतो, कंदिलाच्या उजेडात. भाचा पडलेल्या झाडांवरून चालत, मध्ये कुणाची तरी मोटरसायकल घेऊन दापोलीला गेला, औषधवाल्याच्या घरी जाऊन त्याला उठवलं आणि गोळ्या आणल्या. तेव्हापासून आमच्याकडे महिनाभराच्या गोळ्या जादा असतात, पत्र्याच्या डब्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्लास्टिकमध्ये घातलेल्या कॉपीसह. पावसाळ्यापूर्वी लाकडं भरतो तशाच गोळ्याही भरतो.

वीज परत आली तेव्हा नाक्यावर एका खांबाची तार तुटून लोंबत होती. पलीकडची सगळी घरं अंधारात, आणि तुटलेलं टोक पावसात फडफडून ठिणग्या टाकत होतं. वायरमन येईपर्यंत धाकटा खिडकीतून बघत होता. म्हणाला, "अब्बा, तुमचं असंच ना?" अब्बा म्हणाले, "असंच. फक्त वायरमन नाही."

बाकी दिवस कसे जातात ते थोडक्यात. हात रिकामे असले की दुखणं वाढतं, हे त्यांचं त्यांनाच समजलं. शेजारच्या मच्छीमारांची फाटकी जाळी दुरुस्तीला घेतात. सुई हातात असली, गाठी मोजत असले की तासाभराने विचारलं तर म्हणतात, होतं खरं, पण लक्ष नव्हतं. संध्याकाळी ते सगळं वसूल होतं. थंडीत वाढतं, जागरण झालं की वाढतं, घरात भांडण झालं की हमखास वाढतं. अपंगत्वाचा दाखला आहे, त्यावर टक्के लिहिले आहेत. ते पायांचे आहेत. दुखण्याला त्या कागदावर जागा नाही, आणि एस.टी.च्या सवलतीपुरता कागद चालतो, त्यामुळे आम्हीही पुढे काही केलं नाही. नवरा-बायकोच्या आयुष्याबद्दल इथे लिहिणार नाही, पण ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी तेही डॉक्टरांना विचारावं. आम्ही लाजेपायी चार वर्षं विचारलं नाही. विचारलं तेव्हा त्यांच्याकडे त्याचीही साधी, सरळ उत्तरं होती.

पाहुण्यांसमोर "आज दुखतंय का" असं विचारलेलं त्यांना आवडत नाही. म्हणून मोठीने खाडीचे शब्द काढले. ओहोटी म्हणजे बरं आहे, जवळ बसलं तरी चालेल. भरती म्हणजे बोला, पण लांबून. उधाण म्हणजे दार लोटा, मोबाइलचा आवाज बंद, आणि एकाने उशाशी राहायचं. पाहुण्यांना वाटतं, घरात मासेमारीच्या गप्पा चालल्यात. चाचांना मात्र एकदा सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन काही न बोलता उठून गेले. दुसऱ्या दिवशी एक किलो सुरमई घेऊन आले, आणि टाचणीची गोष्ट त्यांनीच काढली.

आता मोठी वीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी धाकट्याने माळ्यावरून अब्बांच्या बागेची एक जुनी लाकडी आंब्याची पेटी काढली. हल्ली सगळे पुठ्ठ्याचेच खोके वापरतात, म्हणून ती तशीच पडून होती. त्याने तिचा तळ आणि दोन बाजू काढल्या, खिळे ठोकून टाकले, कडांना फडकं गुंडाळलं, आणि ती कमानीसारखी मांड्यांवरून पलंगावर ठेवली. वरून चादर घातली की ती मांडीला लागत नाही. फळीवर अजून बागेचा जुना शिक्का आहे, अर्धा पुसलेला.

हे लिहीत असताना संध्याकाळ झाली. मगरिबची नमाज त्यांनी पलंगावर बसूनच पढली. मोठी कॉलेजमधून आली, दप्तर ठेवलं आणि दारातून विचारलं, "भरती?" ते म्हणाले, "उधाण आहे, पण ये." तिने चटई आणली, पेटीपासून हातभर लांब अंथरली, आणि जाळ्याचं दुसरं टोक ओढून घेऊन गाठी सोडवायला बसली.